जुन्या नकाशाचा ताळा

पालघर जिल्ह्यात गेली काही वर्षे कुठे ना कुठे मोजणी चालू आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला होत आहे. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग याच जिल्ह्यातून आखला गेला आणि मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्गही इथूनच. २०२४ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराला मंजुरी दिली आणि ऑगस्टअखेरीस पालघरला त्याचे भूमिपूजन झाले. बंदर समुद्रात भराव घालून उभे राहायचे असले, तरी त्याला जोडणारे रस्ते आणि रूळ जमिनीवरूनच जाणार. इतके सारे एकाच जिल्ह्याच्या अंगावर येते तेव्हा गावागावांतून एकच प्रश्न ऐकू येतो : ‘आमच्यातलं किती जातंय?’

या प्रश्नाचे उत्तर उपग्रह देत नाही. उपग्रहाला झाड दिसते, छप्पर दिसते, बांधही दिसतो. पण बांधाच्या अलीकडचा मालक आणि पलीकडचा मालक त्याला दिसत नाही. ते सांगतो एक जुना कागद. भूमि अभिलेख कार्यालयाच्या कपाटात, कापडावर चिकटवलेला, घड्यांवर फाटलेला गावनकाशा. आजच्या अब्जावधी रुपयांच्या प्रकल्पांचा पाया शेवटी या कागदावर येऊन टेकतो. त्या कागदाची आज काय स्थिती आहे आणि त्याचे काय व्हायला हवे, हा या लेखाचा विषय आहे.

मुंबई इलाख्यातल्या पद्धतशीर जमीन मोजणीची सुरुवात १८३५ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन इंग्रज अधिकारी तिचे प्रवर्तक. हेतू उघड होता, शेतसारा ठरवायचा होता. पण सारा ठरवण्यासाठी शेत मोजावे लागले आणि शेत मोजल्यामुळे प्रत्येक गावाचा नकाशा तयार झाला. मोजणीचे हत्यार होते तेहतीस फुटांची लोखंडी साखळी. तिचे सोळा भाग, प्रत्येक भाग एक आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आज शहरातला माणूसही ‘दोन गुंठे घेतले’ असे म्हणतो तेव्हा नकळत तीच साखळी ओढत असतो.

मोजणीदार शेतात एक पायारेषा धरी, तिच्यापासून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत लंब काढी आणि ती मापे एका कागदावर टिपून ठेवी. तेच टिपण. अनेक टिपणे मोडी लिपीत आहेत. टिपणे जुळवून गावनकाशा काढला जाई. पुढे वाटण्या झाल्या, पोटहिस्से पडले, फाळणी नकाशे निघाले, काही गावांत एकत्रीकरण होऊन गट पडले. प्रत्येक वेळी जुन्या कागदावर नवा कागद चढला. पण तळाशी आहे ते टिपण आणि तो गावनकाशा.

माझा आणि या कागदांचा संबंध आला तो बँकेमुळे. नोकरीची काही वर्षे मी पालघर-बोईसर भागात काढली. शेतकऱ्याला कर्ज द्यायचे म्हणजे सातबारा पाहायचा, फेरफार पाहायचे, इतर हक्कात आमचा बोजा चढवायचा. गहाणखतात चतु:सीमा लिहायच्या : पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा बांध. चतु:सीमा म्हणजे शब्दांत काढलेला नकाशाच. पण त्याची शाई फार लवकर उडते. अमका वारतो, त्याची मुले जमीन विकतात, ओढ्याला पाइप घालून वर रस्ता होतो, गाडीवाट कुणीतरी नांगरून टाकतो. वीस वर्षांनी ते गहाणखत उघडले तर चारही बाजू हरवलेल्या असतात. आमच्या फायलीत क्षेत्र असे, आकार असे, मूल्यांकन असे. नकाशा क्वचितच असे. एका म्हाताऱ्या कर्जदाराने मला एकदा म्हटले होते, ‘साहेब, माझ्याकडं जमीन आहे हे कागद सांगतो. ती कुठं आहे हे मात्र शेजाऱ्याला विचारावं लागतं.’ आमच्या महसुली व्यवस्थेवर इतके नेमके भाष्य मी पुस्तकांतूनही वाचलेले नाही.

आता जुन्या नकाशाला ‘कुठे’ हे सांगायला लावण्याची एक रीत उपलब्ध झाली आहे. नकाशा स्कॅन करणे ही तिची पहिली पायरी. त्याने कागदाचे चित्र संगणकात आले, एवढेच झाले. खरे काम पुढे आहे. त्या चित्रावरच्या बिंदूंना पृथ्वीवरचे अक्षांश-रेखांश जोडून द्यायचे. इंग्रजीत याला जिओरेफरन्सिंग म्हणतात. आपण भूसंदर्भ देणे म्हणू. जुन्या नकाशात असलेली आणि आज जागेवर सापडणारी ठिकाणे शोधायची. तारापूरच्या किल्ल्याचा बुरूज, शिरगावच्या किल्ल्याचा कोपरा, रेल्वेचा जुना पूल, गावची दगडी विहीर, देवळाचा चौथरा, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड. अशा ठिकाणी उभे राहून त्यांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि संगणकाला सांगायचे की नकाशावरचा हा ठिपका म्हणजे ही जागा. साध्या रूपांतराला तीन ठिकाणे पुरतात. पण तीनवर थांबले तर चूक उघडी पडायला जागाच उरत नाही, म्हणून दहा-बारा घ्यावीत आणि ती गावभर पसरलेली असावीत. क्यूजीआयएस नावाची संगणक-प्रणाली हे काम करते आणि ती फुकट मिळते. एकदा हे साधले की जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर पारदर्शक कागदासारखा अंथरता येतो. मग हातातला फोन घेऊन शेतात चालावे आणि शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशात आपण कुठे उभे आहोत ते पाहावे.

ऐकायला हे सोपे वाटते, तसे ते नाही. कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि उभा-आडवा सारखा आकसत नाही. कापडाला चिकटवताना ताणला जातो. शिवाय रेघेला जाडी असते. एक इंचाला ६६० फूट अशा प्रमाणाचा नकाशा घेतला तर त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर सुमारे तेरा फूट जागा अडवते. तेरा फुटांवरून भावाभावांत डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. आणि ते तेरा फूट केवळ टाकाच्या टोकाचे असू शकतात.

दुसरी अडचण पृथ्वीच्या आकाराची. भारताची महात्रिकोणमितीय मोजणी १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरू झाली. ती सुरू करणारा विल्यम लॅम्टन पुढे मोजत मोजत उत्तरेला आला आणि १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला. त्याचा वारस जॉर्ज एव्हरेस्ट. त्याने १८३० साली पृथ्वीच्या गोलाकाराची जी मापे ठरवली, त्यांवर सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे दीड शतकाहून अधिक काळ काढले गेले. आपल्या फोनमधले उपग्रहयंत्र वेगळी मापे वापरते. हा फरक न जुळवता जुना नकाशा नव्यावर ठेवला तर आपल्या भागात शेकडो फुटांची सरक पडते. त्याहून जुन्या नकाशांत आणखी एक खोच आहे. मद्रास वेधशाळेचे रेखांश तेव्हा थोडे चुकीचे धरले गेले होते. त्यामुळे जवळजवळ अडीच मिनिटांचा फरक येतो, म्हणजे पालघरच्या अक्षांशावर चार किलोमीटरहून अधिक. हे ठाऊक नसलेला माणूस बोईसरचे गाव भलत्याच शिवारात नेऊन ठेवील.

तिसरी गोष्ट नावांची आणि पानांची. एकोणिसाव्या शतकाच्या कागदांत पालघर तालुका शोधू नका, तो सापडणार नाही. सापडतो तो माहीम तालुका, म्हणजे केळवे-माहीम. मुंबईत बसून सूची करणारा कारकून हे कागद मुंबईच्या माहीमच्या गठ्ठ्यात घालण्याची शक्यता भरपूर. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पत्रकांत पालघर, बोईसर आणि तारापूर ही तीन ठिकाणे तीन वेगवेगळ्या पानांवर पडतात : ४७ ए च्या चौदा, तेरा आणि नऊ क्रमांकांवर. एका गावातून निघून दुसऱ्या गावात जाताना पान बदलते आणि कडा जुळवाव्या लागतात. आणि १६३५ सालच्या बोकारोच्या पोर्तुगीज ग्रंथात वसईपासून तारापूर-दमणपर्यंतच्या किल्ल्यांची जी चित्रे आहेत, त्यांना तर प्रमाणच नाही. ती पाहावीत, जपावीत. पण त्यांना अक्षांश-रेखांश चिकटवण्याचा हट्ट धरू नये. प्रत्येक जुना नकाशा मोजणीच्या कामाचा नसतो, हेही या शास्त्रातच येते.

इथे माझा जुना पेशा आठवतो. बँकेत संध्याकाळी ताळा जुळला नाही की रात्रीपर्यंत बसावे लागे. फरक सापडलाच नाही तर तो सस्पेन्स खात्यात टाकून घरी जाण्याची मुभा असे. पण ते खाते दुसऱ्या दिवशी सगळ्यांना दिसे. फरक लपत नसे, नोंदला जात असे. भूसंदर्भ देताना संगणकही प्रत्येक ठिकाणी किती मीटर चूक राहिली हा आकडा देतो. हा आकडा नकाशाच्या कोपऱ्यात ठळक छापला गेला पाहिजे. तो पुसून नकाशा जर लखलखीत रंगांत पडद्यावर आला, तर लोक पडद्याला प्रमाण मानतील आणि शंभर वर्षे शेजारधर्माने चाललेले बांध कोर्टात जातील. अंथरलेला जुना नकाशा म्हणजे हद्द कायम करण्याची मोजणी नव्हे. तो साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. साक्षीदाराची नजर किती अधू आहे हे उलटतपासणीत सांगावेच लागते.

आणि तरीही या साक्षीदाराकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. बोईसरची औद्योगिक वसाहत आज इतकी पसरली आहे की तिथली शेते कोणती, पाण्याच्या वाटा कोणत्या, हे तरुणांना सांगता येत नाही. पावसाळ्यात कारखान्याच्या भिंतीशी पाणी का तुंबते याचे उत्तर पुष्कळदा जुन्या नकाशावरच्या एका वाकड्या निळ्या रेघेत असते. किनाऱ्यावरची खाजणे, खारबांध, उघाड्या, मिठागरे यांचेही तसेच. १९९१ पासून किनारपट्टी नियमन आहे, २०११ व २०१९ मध्ये त्याच्या नव्या अधिसूचना निघाल्या. भरतीची रेषा कुठून धरायची यावर वाद होतात. सातपाटीच्या कोळ्यांना विचारा, समुद्राने किती किनारा खाल्ला ते हाताने दाखवतील. जुना नकाशा जागेवर बसला तर तेच मीटरमध्ये सांगता येईल.

अक्करपट्टी आणि पोफरणचे उदाहरण तर डोळ्यांसमोरचे आहे. तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे २००५ आणि २००६ मध्ये चौथी आणि तिसरी अणुभट्टी सुरू झाली, आणि त्यांच्यासाठी ही दोन गावे उठली. पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालला. माणसे दुसरीकडे राहायला गेली, पण गाव म्हणजे केवळ घरे नव्हेत. पाणवठा, होड्या ओढायची जागा, होळीचा माळ, स्मशान, देवाची वाट हेही गावच. आज ते सारे जागेवर जाऊन पाहता येत नाही. जुन्या नकाशात ते गाव अजून आहे. ज्यांनी ते पाहिले ती माणसेही आहेत, आणि त्यांची वये वाढताहेत. नातवाला ‘आपलं घर इथं होतं’ असे बोट ठेवून दाखवता येणे, ही नुकसानभरपाईत न मोजली जाणारी गोष्ट आहे.

मात्र जुन्या नकाशावर भाबडा विश्वासही नको. तो सरकारने साऱ्यासाठी काढला होता. ज्याच्याकडून सारा यायचा तो त्यात आला. ज्याच्याकडून यायचा नव्हता तो पुष्कळदा गाळला गेला. जंगलकडेचे वारल्यांचे पाडे, राबासाठी वापरायची वरकस, एकसाली म्हणून कसलेली जमीन, यांच्या जागी अनेकदा नुसता कोरा कागद किंवा ‘जंगल’ हा एक शब्द असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या आदिवासींना हक्क दिला आणि पुराव्यांत गावातल्या वडीलधाऱ्यांचे जबाबही धरले. हे फार शहाणपणाचे कलम आहे. कोरा कागद म्हणजे कोरी जमीन नव्हे. म्हणून जुना नकाशा गावात नेला पाहिजे, आणि त्यावर म्हाताऱ्यांनी सांगितलेली पाड्यांची, ओहोळांची, झऱ्यांची नावे वेगळ्या रंगाने चढवली पाहिजेत. मूळ रेघ पुसायची नाही. तिच्या शेजारी दुसरी साक्ष नोंदवायची.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. सातबारा संगणकावर आला. २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळतो. महाभूनकाशावर गटांचे नकाशे पाहता येतात. स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोनने गावठाणे मोजली जात आहेत. भूकरमापकाच्या हातात साखळीऐवजी रोव्हर आला आहे. उणीव आहे ती दोन टोकांना जोडणाऱ्या दुव्याची. आपण जुन्या रेघा गिरवून नव्या, स्वच्छ रेघा संगणकात घेतो. पण ज्या कागदावरून त्या गिरवल्या त्याचे चित्र, त्याचा भूसंदर्भ आणि राहिलेली चूक सामान्य माणसापुढे येत नाही. व्हाउचर न दाखवता नुसते खातेपुस्तक दाखवण्यासारखेच हे झाले. नोंद बरोबर असेलही. पण ती पडताळायची कशी?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला सुरक्षिततेचा. तारापूर संवेदनशील आहे, किनारपट्टीचे नकाशे दीर्घकाळ निर्बंधित होते. पण २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी वेगळे नकाशे काढायचे ठरवले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने बहुतेक बंधने सैल केली. शिवाय शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशावर अणुभट्टी नाही. तिथे कोळीवाडा आणि वाडी आहे. त्यात गुपित कसले? दुसरा आक्षेप दलालांचा : नकाशे खुले झाले की जमिनीचे दलाल त्यांचा फायदा घेतील. बँकेतल्या अनुभवावरून सांगतो, दलालाकडे नकाशाची नक्कल आधीपासूनच असते. नसते ती जमीनमालकाकडे. कपाट बंद ठेवल्याने दलाल अडत नाही, फक्त शेतकरी अंधारात राहतो.

तेव्हा मागणी साधी आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाचा मूळ गावनकाशा आणि टिपणे चांगल्या प्रतीत स्कॅन व्हावीत. भूसंदर्भ देताना संदर्भबिंदू गावकऱ्यांसमक्ष निवडले जावेत आणि राहिलेली चूक नकाशावर छापली जावी. तयार झालेली एक प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि एक सर्वांना पाहता येईल अशी संगणकावर असावी. ज्या गावांत भूसंपादन येऊ घातले आहे तिथून सुरुवात व्हावी, आणि तेही संयुक्त मोजणीच्या आधी. मूळ कागद मात्र स्कॅन झाला म्हणून रद्दीत जाऊ नये. संगणकाची चकती दहा-वीस वर्षांत कालबाह्य होते, कापडावरचा नकाशा दीड शतक टिकलेला आपण पाहतोच आहोत. खर्च म्हणाल तर ज्या प्रकल्पांसाठी जमीन घेतली जाते, त्यांच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधूनही दिसणार नाही इतकी लहान असेल.

पालघर आणि बोईसरच्या महाविद्यालयांत भूगोल शिकणारी मुले-मुली आहेत. एका गावाला चार विद्यार्थी, एक फोन आणि दोन वडीलधारी माणसे, एवढ्यावर संदर्भबिंदूंचे काम सुट्टीत उभे राहू शकते. आणि वाचकहो, आपल्या घरांतही हा खजिना असतो. आजोबांच्या ट्रंकेत, देव्हाऱ्यामागच्या पत्र्याच्या डब्यात, एखाद्या खटल्याच्या कागदांबरोबर शिवलेली नकाशाची नक्कल असते. ती उघडताना घडीवर जोर देऊ नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. सपाट ठेवून, दिवसाउजेडी, बरोबर वरून छायाचित्र घ्या. मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून विचारा, ही विहीर कोणती, ही वाट कुठे जाते, या तुकड्याला काय म्हणायचे. उत्तरे त्याच दिवशी लिहून ठेवा. नकाशा आणखी दहा वर्षे थांबू शकतो. उत्तर देणारे माणूस थांबेलच असे नाही.